गुलाबी कमळ आणि पिवळं कमळ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कमळ म्हटलं की डोळ्यांसमोर गुलाबी फूल येतं. त्या गुलाबी कमळाला जगात एकच सख्खं भावंड आहे. ते पिवळं आहे आणि पृथ्वीच्या दुसऱ्या अंगाला वाढतं. मी बरीच वर्षं टबांमध्ये कमळं लावतो. लोक फोटो पाठवून विचारतात, "हे कोणतं?" फोटोवरून उत्तर देणं अवघड का आहे, हे दर वेळी नव्याने सांगण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवलेलं बरं.

कमळाच्या प्रजाती नेमक्या किती?

आज जिवंत असलेल्या दोनच. आशियातलं गुलाबी किंवा पांढरं कमळ म्हणजे नेलुम्बो न्युसिफेरा, आणि अमेरिकेतलं पिवळं कमळ म्हणजे नेलुम्बो ल्युटिया. या दोघांपलीकडे त्या कुळात तिसरं कोणी नाही. "नेलुम्बो" हे नाव कमळाच्या सिंहली नावावरून, "नेळुम्"वरून आलं. "न्युसिफेरा" म्हणजे कठीण कवचाचं फळ धरणारं आणि "ल्युटिया" म्हणजे पिवळं. पहिल्याचं नाव फळावरून पडलं, दुसऱ्याचं रंगावरून. ओळख पटवताना नेमकी हीच दोन टोकं कामी येतात, आणि त्यातलं एक दगा देतं. ते पुढे येईलच.

मग निळं कमळ, ब्रह्मकमळ, कृष्णकमळ ही कोण?

नावाची कमळं, नात्याची नव्हेत. कृष्णकमळ हा पॅशनफ्लॉवरच्या गोतावळ्यातला वेल आहे. हिमालयातलं खरं ब्रह्मकमळ सूर्यफुलाच्या कुळातलं. कुंडीत लावतात आणि मध्यरात्री उमलतं ते तर चक्क निवडुंग. निळं कमळ म्हणजे कुमुदाच्या, वॉटर लिलीच्या, निळ्या जाती. खऱ्या कमळात निळा रंग नाहीच. मी एकदा "दुर्मिळ निळ्या कमळाचं बी" म्हणून एक पाकीट मागवलं होतं. आतलं बी खऱ्या कमळाचंच निघालं आणि फूल आलं साधं गुलाबी. विक्रेत्याने निदान फूल तरी दिलं, म्हणून मी समाधान मानलं.

गोंधळ आपल्याच भाषेत आहे असंही नाही. शास्त्रीय नामावलीत "लोटस" नावाचा जो वंश (जीनस, म्हणजे जवळच्या प्रजातींचा गट) आहे तो वाटाण्याच्या कुळातला, आणि इजिप्तच्या प्राचीन चित्रांत दिसणारी प्रसिद्ध "कमळं" म्हणजे कुमुदं.

कमळ आणि कुमुद जवळचे नातेवाईक तरी असतील?

अजिबात नाहीत. दोघं एका तळ्यात राहतात म्हणून दिसायला सारखी झाली, इतकंच. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ साली कमळाला कुमुदाच्याच वंशात घातलं होतं आणि त्यानंतर दोनशे वर्षं पुस्तकांमध्ये दोघं आसपासच नांदली. विसाव्या शतकाच्या शेवटी डीएनए तपासले तेव्हा भलतंच निघालं. कमळाचे सगळ्यांत जवळचे नातलग म्हणजे चिनार, आणि मॅकाडेमिया व सिल्व्हर ओक ज्या कुळात येतात ते प्रोटिया कुळ. सगळी जमिनीवरची, खोडाबिडाची झाडं! कुमुद मात्र सपुष्प वनस्पतींच्या अगदी सुरुवातीला फुटलेल्या फांदीवरचं.

तळ्याकाठी उभं राहून दोघांत फरक करायला डीएनए लागत नाही. कुमुदाच्या पानाला कडेपासून देठापर्यंत एक चीर असते. कमळाचं पान अखंड गोल, देठ बरोबर मधोमध, उघड्या छत्रीसारखा. शिवाय फुलाच्या मध्यावर झारीच्या तोंडासारखा सपाट माथ्याचा, भोकंभोकं असलेला शंकू दिसला की ते कमळच. त्या शंकूला जुन्या भाषेत कर्णिका म्हणतात. शब्द छान आहे आणि वापरात राहायला हवा, म्हणून मी पुढे तोच वापरतो.

एक आशियात, एक अमेरिकेत. मधे महासागर. मग सख्खी भावंडं कशी?

गुलाबी कमळाचा मुलूख मोठा आहे. कॅस्पियन समुद्राला मिळणाऱ्या व्होल्गाच्या त्रिभुज प्रदेशापासून भारत, चीन, जपान, रशियातलं आमूरचं खोरं आणि खाली थेट ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागापर्यंत ते आढळतं. पिवळं कमळ अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या पूर्व आणि मध्य भागात, कॅनडाच्या ओंटारिओ प्रांताच्या दक्षिण टोकाला, मेक्सिकोत आणि कॅरिबियन बेटांवर. दोन्ही मुलुखांना जोडणारं नैसर्गिक कमळ मधे कुठेही नाही.

पण कमळाच्या घराण्याचे जीवाश्म क्रिटेशस काळापासूनचे, म्हणजे डायनोसॉर हिंडत होते तेव्हाचे, सापडतात, आणि ते आज कमळ उगवत नाही अशा ठिकाणीही सापडतात. उत्तर गोलार्धात एके काळी हे घराणं दूरवर पसरलेलं होतं. हवामान थंड होत गेलं, मधली वस्ती उठली आणि दोन टोकांना दोन भावंडं उरली. ट्यूलिप ट्री नावाच्या वृक्षाचीही हीच कथा आहे. त्याच्याही दोनच प्रजाती, एक चीनमध्ये आणि एक उत्तर अमेरिकेत.

फुलाचा रंग बघितला की काम झालं ना? पिवळं ते ल्युटिया, गुलाबी ते न्युसिफेरा.

रानातल्या तळ्यावर उभे असाल तर झालं. बागेत, रोपवाटिकेत किंवा इंटरनेटवरच्या फोटोत नाही झालं.

रंगामागचं रसायन आधी बघू. न्युसिफेराचा गुलाबी रंग अँथोसायनिनचा, म्हणजे जांभूळ किंवा लाल कोबीत असतो त्या गटातल्या रंगद्रव्याचा. पांढऱ्या जातींत हे रंगद्रव्य तयार होत नाही. ल्युटियाच्या पाकळ्यांतही अँथोसायनिन नाही. तिचा पिवळा रंग कॅरोटिनॉइडचा, गाजर-झेंडूच्या गटातला. त्यामुळे शुद्ध ल्युटियात गुलाबी छटा येण्याचं कारणच नाही. पाकळीच्या टोकाला जरासा गुलाबी हात फिरवलेला दिसला तर झाड संकरित आहे असं धरून चला.

उलट बाजूने मात्र नियम चालत नाही. फूल पिवळसर आहे म्हणजे ते ल्युटियाच, असं म्हणता येत नाही. बाजारातली बरीच "पिवळी कमळं" दोघांच्या संकरातून आलेली असतात, आणि पांढऱ्या न्युसिफेराच्या काही जातींच्या कळ्याही हिरवट-पिवळ्या असतात. त्यात फुलाचं वय मिसळा. कमळाचं फूल तीन-चार दिवस टिकतं आणि रोज थोडं फिकं होत जातं. पहिल्या दिवशी गडद गुलाबी असलेलं फूल तिसऱ्या दिवशी दुपारी पांढऱ्याच्या जवळ पोचतं. ल्युटियाही पहिल्या दिवशी लोण्यासारखी पिवळी आणि शेवटी साईसारखी. एकाच फुलाचे दोन दिवसांचे फोटो दोघांना वेगवेगळे दाखवा, ते दोन झाडं समजून वाद घालतील.

म्हणून मला फोटो पाठवताना फुलाचा कितवा दिवस आहे ते कृपया लिहा.

मग खात्रीने कसं सांगायचं?

बी बघा. माझ्या मते नवख्या माणसाला हाताशी असलेली सगळ्यांत भरवशाची खूण तीच आहे आणि तिच्याकडेच सगळ्यांचं दुर्लक्ष होतं.

आपण ज्याला कमळाचं बी म्हणतो ते खरं तर अख्खं फळ आहे, कठीण कवचाचं आणि एकाच बीचं. कर्णिकेच्या प्रत्येक भोकात एकेक बसलेलं असतं. पाकळ्या गळून तीन-चार आठवडे गेले की कर्णिका तपकिरी पडते, मान टाकते आणि हलवली तर खुळखुळ्यासारखी वाजते. तेव्हा पाच-सहा बिया काढा, फूटपट्टीवर ठेवा, आणि लांबी व रुंदी मोजा.

न्युसिफेराचं बी लांबट असतं. लांबी रुंदीच्या दीडपटीहून जास्त भरते. ल्युटियाचं बी जवळपास गोल, लांबी बहुधा रुंदीच्या सव्वापटीच्या आत. समजा एक बी १७ मिलिमीटर लांब आणि १० रुंद आहे, तर गुणोत्तर १.७ आलं. हे न्युसिफेरा. दुसरं १३ लांब, १२ रुंद, म्हणजे १.१ च्या आसपास. हे ल्युटिया. दोन्ही शेजारी ठेवली तर पट्टीही लागत नाही. एक खारकेच्या बीच्या वळणाचं, दुसरं गोटीच्या.

बिया पूर्ण पिकलेल्या, काळपट आणि टणक असाव्यात. हिरव्या बिया मोजू नका, वाळताना आकार बदलतो. एकाच बीवर निकालही देऊ नका, कर्णिकेच्या कडेची बी कधी कधी दबलेली असते. आणि गुणोत्तर सव्वा व दीडच्या मधे घुटमळत असेल, किंवा कर्णिकाच्या कर्णिका पोकळ निघत असतील, तर मला संकराचा वास येतो.

फूलही नाही, बीही नाही, नुसती पानं आहेत. त्यावरून?

मला जमत नाही. ल्युटियाची पानं जरा जास्त गोल आणि गडद निळसर हिरवी असतात असं सांगतात, आणि दोन्ही शेजारी वाढत असतील तर तसं जाणवतंही. पण एकटं पान समोर आलं तर ते ऊन, खत आणि पाण्याची खोली यांच्याबद्दल जास्त सांगतं, प्रजातीबद्दल कमी. लहान टबात वाढलेल्या न्युसिफेराचं पान तळहाताएवढं असू शकतं आणि त्याच झाडाचं मोठ्या तळ्यातलं पान अर्ध्या मीटरहून मोठं.

चिखलाखाली काही फरक असतो का?

असतो, आणि मजेशीर असतो. दोघांचंही आडवं खोड चिखलातून धावतं, पेरापेराने, आणि प्रत्येक पेरावर पानं-मुळं फुटतात. हंगाम संपत आला की पुढच्या वर्षीची बेगमी म्हणून खोडाची शेवटची पेरं फुगतात. न्युसिफेरात ही फुगलेली पेरं म्हणजे आपली कमळकाकडी, एकापुढे एक जोडलेल्या सॉसेजसारखी. ल्युटियात खोड दोरीसारखं बारीकच राहतं आणि टोकाला केळ्याच्या आकाराचा गाठाळ कंद धरतो.

न्युसिफेरातही एक पोटभेद लक्षात ठेवा. थंड प्रदेशातल्या जाती दिवस लहान होऊ लागले की कंद धरतात आणि सुप्तावस्थेत जातात. उष्ण प्रदेशातल्या जाती बाराही महिने वाढत राहतात आणि त्यांचं खोड फारसं फुगत नाही. तेव्हा टब उपसल्यावर बारीक खोड हाती लागलं म्हणून "ही ल्युटिया" असं ठरवू नका.

कमळाचं फूल आतून गरम असतं म्हणे. खरं का?

खरं आहे, आणि कमळाबद्दलची माझी सगळ्यांत लाडकी गोष्ट हीच. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडच्या वनस्पती उद्यानात रॉजर सेमूर आणि पॉल शुल्ट्झ-मोटेल यांनी न्युसिफेराच्या फुलांत तापमापक बसवले आणि १९९६ साली निष्कर्ष मांडले. बाहेरची हवा १० अंश सेल्सियसपर्यंत उतरली तरी फुलाचा आतला भाग ३० ते ३६ अंशांवर टिकून होता. बाहेर थंडी वाढली की फूल जास्त उष्णता तयार करतं, बाहेर उकडलं की कमी. पक्ष्यांनी आणि सस्तन प्राण्यांनी करावं तसं तापमानाचं नियमन एक फूल करतं! एक फूल साधारण एक वॅटपर्यंत उष्णता सोडू शकतं आणि त्यातली निम्मीअधिक कर्णिकेतून येते. पेशींच्या श्वसनात एक आडवाट असते. त्या वाटेने ऊर्जा साठवली जात नाही, उष्णता म्हणून बाहेर पडते. कमळ ती वाट मोकळी सोडतं.

पिवळं कमळही फुलात उष्णता निर्माण करतं. दोघांचं वेळापत्रक सारखंच. पहिल्या दिवशी फूल अर्धवट उघडतं. तेव्हा कर्णिकेवरच्या कुक्षी ओल्या, चकचकीत आणि परागासाठी तयार असतात, पण स्वतःचे पुंकेसर अजून मिटलेले. दुपारनंतर फूल मिटतं. दुसऱ्या दिवशी पूर्ण उमलतं तोवर कुक्षी सुकायला लागतात आणि पराग झडू लागतो. म्हणजे फूल आधी मादी, मग नर. आत आलेले भुंगेरे आणि माश्या उबेत थांबतात, परागाने माखतात आणि दुसऱ्या पहिल्या-दिवसाच्या फुलात जाऊन बसतात. संध्याकाळी मिटलेल्या कमळात अडकून पडलेल्या भुंग्याची कविकल्पना आपल्याकडे फार जुनी आहे. बिचाऱ्याची कीव करायचं कारण नाही, तो आत उबेला होता.

पहाटे, हवा गार असताना, दुसऱ्या दिवसाच्या फुलात बोट घालून बघा. कर्णिकेला स्पर्श केला की ऊब कळते. तापमापक नसला तरी चालतं.

पानाच्या मधोमध फिकट ठिपका असतो तो कशाचा?

देठ जिथे पानाला खालून जोडलेला असतो, त्याच्या बरोबर वरचा तो भाग. ती कमळाची धुरांडी आहे. चिखलात प्राणवायू जवळपास नसतो, मग खोड-मुळांना हवा पोचते कशी? उन्हाने तापलेल्या पानात बाहेरची हवा शिरते, आत दाब वाढतो आणि ती हवा देठातल्या नळ्यांतून खाली खोडापर्यंत ढकलली जाते. परतीची हवा वर येऊन या मधल्या ठिपक्यावरच्या मोठ्या रंध्रांतून बाहेर पडते. कडक उन्हात पानाच्या मध्यावर चमचाभर पाणी ओता. ठिपक्यावरून बुडबुडे उठताना दिसतील. हा खेळ दोन्ही प्रजातींत चालतो. लहान मुलं शेजारी असतील तर मग तासभर तिथून हलायचं नाव घेऊ नका.

याच कारणाने हिरवे देठ पाण्याखाली कापू नयेत. नळ्यांत पाणी शिरलं की खोड कुजतं.

दोघांच्याही पानावर पाणी ठरत नाही का?

नाही. अळवावरचं पाणी आपल्या बोलीत मुरलेलं आहे, पण शास्त्राने या गुणाला नाव दिलं कमळाचं. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म बार्टलॉट आणि क्रिस्टोफ नाइनहुइस यांनी १९९७ साली दाखवलं की पानावरचे सूक्ष्म उंचवटे आणि त्यांवरचे मेणाचे नळीसारखे स्फटिक यांमुळे पाण्याचा थेंब पानाला जेमतेम टेकतो, आणि घरंगळताना धूळही घेऊन जातो. "लोटस इफेक्ट" तो हाच. पान बोटांनी चोळलंत तर मेण निघतं आणि तेवढ्या भागावर पाणी पसरतं. पाहुण्यांना हे आधीच सांगून ठेवा.

कमळाचं बी हजार वर्षं टिकतं, हे दोन्हींना लागू आहे?

गाजलेली उदाहरणं सगळी न्युसिफेराची आहेत. जपानमध्ये इचिरो ओगा यांना १९५१ साली चिबा शहरात जमिनीखालच्या थरात कमळाच्या तीन बिया मिळाल्या. त्यातल्या एकीपासून वाढलेलं रोप १९५२ च्या जुलैमध्ये फुललं. त्याच परिसरात सापडलेल्या होडीच्या लाकडाच्या वयावरून त्या बिया सुमारे दोन हजार वर्षांच्या मानल्या जातात. इथे एक खोच आहे. वय होडीचं मोजलं, बीचं नव्हे. त्यामुळे मला जास्त पटतं ते दुसरं उदाहरण. जेन शेन-मिलर आणि सहकाऱ्यांनी ईशान्य चीनमधल्या एका सुकलेल्या तळ्याच्या गाळातलं बी रुजवलं आणि त्याच बीच्या कवचाचं कार्बनवरून वय काढलं. ते सुमारे १३०० वर्षं भरलं. हे १९९५ साली प्रसिद्ध झालं.

ल्युटियाचं कवचही तितकंच अभेद्य आहे. तळ्यातून पिवळं कमळ नाहीसं झालं आणि बऱ्याच वर्षांनी गाळ ढवळल्यावर पुन्हा उगवलं, असं म्हणूनच घडू शकतं.

दोघांचा संकर होतो का?

सहज होतो. दोघांतही प्रत्येकी १६ गुणसूत्रं, आणि लाखो वर्षांची ताटातूट असूनही परागण केलं की बी धरतं. निसर्गात मधे महासागर आहे म्हणूनच केवळ ती भेटली नाहीत. संकरित रोपांत बी धरण्याचं प्रमाण पुष्कळदा कमी असतं, पण कमळ खोडाच्या तुकड्यावरून वाढवता येत असल्याने माळ्यांचं काही अडत नाही.

सगळ्यांत नावाजलेला संकर अमेरिकेतले पेरी स्लोकम यांनी केलेला "मिसेस पेरी डी. स्लोकम". पहिल्या दिवशी गडद गुलाबी, दुसऱ्या दिवशी गुलाबी-पिवळं, तिसऱ्या दिवशी साईच्या रंगाचं. एकाच झाडावर तिन्ही वयांची फुलं असली की बघणाऱ्याला तीन झाडं वाटतात. कारण सोपं आहे. आईबापांकडून दोन्ही रंगद्रव्यं आली, गुलाबी आधी विटतं आणि खालचं पिवळं उघडं पडतं.

इतकं सहज जमतं तर या दोन प्रजाती म्हणायच्या की एकच?

यावर शास्त्रज्ञांतही एकमत नाही. थोमास बोर्श आणि बार्टलॉट (हो, पानाचे बार्टलॉट तेच) यांनी १९९४ साली ल्युटियाला न्युसिफेराची उपप्रजाती मानावं असं सुचवलं. बहुतेक वनस्पतिसूचींनी मात्र दोन प्रजाती ठेवल्या आहेत. माझं म्हणाल तर रंगाचं रसायन वेगळं, बीचा आकार वेगळा, कंदाची घडण वेगळी आणि मुलूख वेगळा, इतकं पाहिल्यावर मी दोन वेगळी नावं लिहिणार. पण कोणी उपप्रजाती म्हटलं तर भांडायला जाणार नाही.

जुन्या पुस्तकात "नेलुम्बो पेंटापेटाला" आहे, ती तिसरी का?

नाही, ती ल्युटियाच. जुनं, संदिग्ध नाव.

बी रुजत नाही, काय चुकतंय?

नुसतं भिजवत असाल तर तेच चुकतंय. कवचातून पाणी आत जात नाही, म्हणून तर ते शेकडो वर्षं टिकतं. बीच्या एका टोकाला बारीक टोच असते, दुसऱ्या टोकाला खळगी. खळगीचं टोक कानसेवर किंवा जाड पॉलिश पेपरवर घासा. काळं कवच जाऊन आतला फिकट गर जरासा दिसला की थांबा. गर घासला गेला तर बी कुजणार. मग २५ ते ३० अंशांच्या कोमट पाण्यात ठेवा आणि पाणी रोज बदला. पहिल्या दिवशी बी दुप्पट फुगतं, आणि आठवड्याच्या आत हिरवा कोंब वाकडा होऊन बाहेर येतो. कोंब अंधारातल्या कवचातही हिरवाच असतो, कमळाची ही आणखी एक तऱ्हा. घासल्यानंतरही तरंगत राहणारी बी बहुधा पोकळ असते.

ल्युटियाची गोल बी चिमटीतून सटकते. ती पकडीत धरून घासा, माझ्या बोटांवरच्या खुणा तुम्हाला नकोत.

पहिली पानं पाण्यावर तरंगतील, छत्रीसारखी उभी पानं नंतर येतात. पहिल्या वर्षी फुलाची आशा धरू नका. आणि बियांपासून आलेलं झाड आईसारखंच निघेल असंही नाही.

टबासाठी दोघांतलं कोणतं निवडू?

न्युसिफेरा, निःसंशय. शेकडो वर्षांच्या निवडीतून तिच्या हजाराहून अधिक जाती झाल्या आहेत, अगदी वाडग्यात फुलणाऱ्यासुद्धा. ल्युटिया अजून रानटीच आहे. तिला पळायला जागा लागते, हलवलेलं आवडत नाही, आणि टबात कोंडली की पानंच पानं देते. माझ्या ल्युटियाने टबात तीन उन्हाळे एक कळी दाखवली नाही. तिला दोन मीटर रुंदीच्या हौदात हलवलं, तिने एक वर्ष रुसून काढलं आणि मग फुलली.

बाकी गरजा सारख्याच. दिवसाला किमान सहा तास थेट ऊन, जड चिकणमाती, आणि संथ पाणी. वाहत्या कारंज्याखाली दोघीही सुखाने राहत नाहीत. थंडीत पाण्याचा पृष्ठभाग गोठला तरी चालतो, पण कंदापर्यंत बर्फ पोचता कामा नये.

ल्युटिया तळ्यात सोडली तर पसरेल का?

दोन्ही पसरतात. उथळ तळ्यात एका हंगामात खोड कित्येक मीटर धावतं आणि पानांच्या छपराखाली इतर पाणवनस्पतींना ऊन मिळेनासं होतं. गंमत म्हणजे अमेरिकेतच ल्युटियाची दोन रूपं दिसतात. काही तळ्यांचे मालक तिला तण म्हणून उपटतात, आणि मिशिगन राज्यात ती धोक्यातल्या वनस्पतींच्या यादीत आहे. परक्या मुलुखात मात्र कोणतंच कमळ नैसर्गिक तळ्यात सोडू नये. टब, हौद किंवा बंद कुंड, तेवढंच.

विकत घेतलेल्या कंदावर "शुद्ध ल्युटिया" अशी चिठ्ठी आहे. विश्वास ठेवू?

कंद केळ्यासारखा आणि खोड दोरीसारखं असेल तर आशेला जागा आहे. पहिलं फूल आलं की पाकळ्यांची टोकं पहिल्याच सकाळी बघा, उन्हाने गुलाबी छटा विटण्याआधी. तीही निखळ पिवळी निघाली तर कर्णिका तोडू नका, वाळू द्या. बी गोल निघाली तर चिठ्ठी खरी. लांबट निघाली तर फूल जपा आणि चिठ्ठी फेकून द्या.